सेलूच्या केंद्रावरची चुकलेली बेरीज

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठल्या घरफोडीत कोण पंच होता, हे विचारलं तर मला सांगता येणार नाही. सेलूच्या संगणक परीक्षेचा गुन्हा मात्र अजून सुटा आठवतो. त्यात मारहाण नव्हती, हत्यार नव्हतं. तपास नीट झाला, खरं काय ते कळलं, आणि त्याचा कोणाला काडीचा उपयोग झाला नाही.

तेव्हा मी वर्ध्यात पोलीस निरीक्षक होते. फसवणुकीचे आणि संगणकाशी संबंधित गुन्हे माझ्याकडे येत. सरकारी कार्यालयांत कंत्राटी कामावर असलेल्यांना संगणक येत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागायचं. मुदतीत दिलं तर नेमणूक पुढे चालू, नाही तर संपली. परीक्षा संगणकावरच होती. पत्र टाइप करा, तक्ता करा, बेरीज काढा, फाइल सांगितल्या जागी ठेवा, अशी प्रत्यक्ष कामं असत आणि यंत्रच ती तपासून गुण देई. त्या वर्षी हे काम एका नव्या संस्थेला मिळालं होतं. प्रश्न बनवायचे त्यांनी, परीक्षा घ्यायची त्यांनी, प्रमाणपत्र द्यायचं त्यांनी.

खबर दोन बाजूंनी आली. सकाळी हजेरी संपवून मी डायरी बघत होते, तेवढ्यात आमचे हवालदार दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, एक फोन आलता. नाव नाई सांगतलं. म्हणे, सेलूच्या क्लासवालीकडे पेपर पहिलेच आलता."

"आवाज कसा होता?"

"दुसऱ्या क्लासवाल्यासारखा," हवालदार गंभीर चेहऱ्यानं म्हणाले.

त्यांचा अंदाज बहुधा बरोबर होता. निनावी फोन करणारा माणूस क्वचितच तिऱ्हाईत असतो. पण धंद्यातल्या वैऱ्यानं दिलेली खबर खोटीच असते असंही नाही. उलट, वैरी जास्त बारीक लक्ष ठेवतो. त्याच आठवड्यात परीक्षा घेणाऱ्या संस्थेची लेखी तक्रार आली. सेलूच्या केंद्रावरच्या एकाच क्लासच्या उमेदवारांनी जवळजवळ सगळे प्रश्न अचूक सोडवले होते, आणि एकच प्रश्न सगळ्यांचा सारखाच चुकला होता. तो पावसाच्या आकड्यांच्या बेरजेचा होता. सगळ्यांची चुकीची बेरीज एकच होती. कारण प्रत्येकानं तक्त्यातली शेवटची ओळ सोडून दिली होती.

तक्रारीतला तर्क सरळ होता. पेपर फुटला, कोणीतरी उत्तरं काढून दिली, काढणाऱ्याच्या हातून एक चूक झाली आणि ती सगळ्यांनी उतरवली. मलाही तेच पटलं. तिथं बसलेल्या कुठल्याही पोलिसाला पटलं असतं. गुन्हा नोंदला आणि आम्ही सेलूला गेलो.

क्लास एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर होता. जिन्यात खताच्या पोत्यांचा वास. वर संगणकांची एक रांग, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर 'चपला बाहेर काढा' असा कागद. क्लास चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या असतील. सुती साडी, चष्मा, हाताला खडू नाही पण सवयीनं बोटं झटकत बोलायच्या. आम्हाला बघून त्यांनी पहिल्यांदा शिकायला आलेल्या मुलींना चपला घालून घरी जायला सांगितलं.

पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. प्रत्येक संगणकावर 'सराव' नावाचा कप्पा होता आणि त्यात खऱ्या परीक्षेतले प्रश्न, जसेच्या तसे. पावसाचा तक्ताही होता. तीच गावं, तेच आकडे.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"परीक्षावाल्यायकडून."

"कोणी दिलं?"

"दिलं नाई कोणी. त्यायनं सराव परीक्षा घेतली ना इथं. खऱ्या परीक्षेच्या पहिले. फुकट घेतली. लेकरं बाहेर आली, तं मी बसवलं सगळ्यायले अन् म्हटलं, सांगा आता काय काय इचारलं. हे मी दरवेळी करतो, मॅडम. कोनतीबी परीक्षा असो."

हे मात्र मला माहीत होतं. आमच्याकडे कुठल्याही क्लासमध्ये जा, परीक्षा देऊन आलेल्या मुलांना घरी जाऊ देत नाहीत. आधी गोल करून बसवतात, एकेकाकडून प्रश्न काढून घेतात आणि पुढच्या तुकडीला त्यावर तयार करतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. न करणारा क्लास ढिला समजतात.

"लपवायचं असतं तं पुसून टाकलं नसतं का?" बाई म्हणाल्या.

पंचांपैकी एक जण खाली मान घालून हसला. मी हसले नाही. पुसायला वेळ न मिळालेले आरोपीही हेच म्हणतात.

महिलेला सूर्य मावळल्यावर अटक करता येत नाही, म्हणून दुपारीच अटक दाखवली. महिला शिपाई सोबत दिली. जिना उतरताना खालच्या दुकानदारानं गल्ल्यावरून मान वळवून पाहिलं आणि बाईंनी त्याला सांगितलं, "भाऊ, वर पंखे चालू राहिले असन तं पाहून घेजा."

वरिष्ठ कार्यालयानं त्याच दिवशी अटकेची बातमी पत्रकारांना दिली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आली.

संस्थेचा एक संयोजक होता. केंद्रं ठरवणं, यंत्रं पोहोचवणं, माणसं नेमणं ही त्याची कामं. त्याला बोलावून सराव परीक्षेबद्दल विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सराव परीक्षा अशी काही नसतेच आमच्यात. एक पूर्वचाचणी असते, ती दुसऱ्या जिल्ह्यात झाली. सेलूत आमचा माणूस खऱ्या परीक्षेआधी गेलाच नाही." त्याच्या कार्यालयाच्या नोंदीही तसंच सांगत होत्या.

मग उमेदवारांचे जबाब घेतले. सगळ्यांनी तेच सांगितलं. गाडीतून दोन माणसं आली, त्यांनी आपले लॅपटॉप मांडले, सराव म्हणून परीक्षा घेतली. शब्द न् शब्द सारखा. पोलिसाला असे जबाब आवडत नाहीत. खरं बोलणारी माणसं सहसा एकमेकांना थोडी खोडून काढतात. कोणी म्हणतं गाडी पांढरी होती, कोणी म्हणतं राखाडी. सगळे एकच बोलू लागले की पढवलेले वाटतात. इथं ती सगळी रोज एकत्र बसून आठवणारी मुलं होती, आठवणसुद्धा त्यांनी एकत्रच तयार केली होती, हे मला नंतर कळलं.

त्यांच्यात रोहणा गावची एक मुलगी होती. सेलूतल्या एका सरकारी दवाखान्यात कंत्राटावर नोंदी भरायचं काम करायची, तिथंच खोली घेऊन राहायची. जबाबावर सही करून झाल्यावरही उठेना.

"बाई, आमच्या क्लासच्या मॅडमले काऊन धरलं? त्यायनं काय केलं?"

"तेच शोधतोय."

"अन् आमचं सर्टिफिकेट? महिन्याच्या आखरीले द्यायचं हाये. नाई देल्लं तं माह्या जागी दुसरी येते. साहेबायनं सांगून ठेवलं हाये."

"निकाल थांबवलाय. तपास होईपर्यंत काही सांगता येणार नाही."

"मंग लवकर करा ना तपास," ती म्हणाली. रागावून नाही, दुकानात उशीर होत असल्यासारखं.

मला तोवर हा गुन्हा बाईंचा वाटत होता. त्या दिवसापासून तारखेकडे लक्ष जाऊ लागलं. त्या क्लासची सगळी मुलं त्याच मुदतीवर अडकली होती.

कोठडीत बाईंनी स्वतःबद्दल एकदाही विचारलं नाही. त्यांचंही एकच, निकाल कधी लागणार. मी त्यांना रोज समोर बसवायची. दटावून बघितलं, गप्प बसून बघितलं. गप्प बसणं जास्त लागू पडतं. माणसाला शांतता भरून काढावीशी वाटते. बाई मात्र शांततेत आरामात बसायच्या. शिक्षिकेला वर्ग गप्प होण्याची वाट बघायची सवय असते.

शेवटी मी एक संगणक मागवला, त्यांच्यापुढे तोच पावसाचा तक्ता उघडून ठेवला आणि म्हटलं, "करा बेरीज."

त्यांनी केली. शेवटची ओळ सोडून.

"ही का सोडली?"

"सोडायची असते."

"का? पाऊस पडला नव्हता का त्या गावात?"

आमच्या महिला शिपायाला हसू आलं. बाईंनाही आलं, पण लगेच गेलं.

"मले समजते ना मॅडम, का हे चूक हाये. मी का येडी हाव? पहिल्यांदा सगळ्या लेकरायनं बरोबरच केली होती, पुरी बेरीज. पण त्या सराव परीक्षेत प्रश्न झाला का लाल नाई तं हिरवी खूण ये. बरोबर बेरजेले लाल आली. सगळ्यायले. एका पोरीची चुकून आखरी ओळ राहिली, तिले हिरवी आली. म्हणून मी सांगतलं, यंत्र आखरीची ओळ धरत नाई, तुमी बी धरू नका."

"तुम्हाला चूक दिसत होती, तरी तेच शिकवलं?"

"गुण यंत्र देते, मॅडम. मी नाई देत."

त्या वाक्यावर मी थांबले. खोटं रचणारा माणूस स्वतःला इतकं मूर्ख दाखवत नाही. तो जे रचतो त्यात त्याची थोडी तरी शान राहते. आणि दुसरं असं, की खऱ्या परीक्षेची उत्तरतालिका माझ्याकडे होती आणि तिच्यात पूर्ण बेरीज हेच बरोबर उत्तर होतं. मग चुकीच्या बेरजेला हिरवी खूण देणारं यंत्र कुठलं?

हे विचारायला मी नागपूरला गेले. संस्थेत प्रश्न बनवणाऱ्या गटाच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या. टेबलावर दोन पडदे आणि मधे शेंगदाण्याची डबी. गुन्ह्याबद्दल त्यांना कोणी फारसं काही सांगितलं नव्हतं. मी त्यांना आरोप सांगितला नाही, फक्त विचारलं, प्रश्न तयार झाला की पुढे काय होतं.

त्या मनापासून सांगू लागल्या. नवा प्रश्न थेट परीक्षेत घालत नाहीत. आधी तो अशा माणसांवर करून बघतात जी उमेदवारांसारखी आहेत, पण परीक्षेला बसणार नाहीत. म्हणून पूर्वचाचणी नेहमी दुसऱ्या जिल्ह्यात. मग प्रत्येक प्रश्न कोणाला आला आणि कोणाला नाही, ते बघतात. एरवी हुशार ठरलेली मुलं एखाद्या प्रश्नात चुकत असतील, तर दोष मुलांत नसतो, प्रश्नात असतो.

"असा एखादा सापडला का या वेळी?"

"सापडला ना. पावसाचा तक्ता. सगळी चांगली मुलं चूक ठरत होती. मला शंका आली. उघडून बघितलं तर उत्तरतालिका बनवणाऱ्याकडून शेवटची ओळच राहून गेली होती. यंत्र चुकीच्या बेरजेला बरोबर म्हणत होतं. खऱ्या परीक्षेआधी दुरुस्त केलं." त्यांनी शेंगदाणे माझ्याकडे सरकवले. "यासाठीच तर पूर्वचाचणी असते."

म्हणजे चुकीची बेरीज बरोबर ठरत होती ती फक्त पूर्वचाचणीत. फुटलेल्या पेपरातून ती चूक येऊच शकत नव्हती. सेलूची मुलं जी बेरीज करत होती, ती त्यांना पूर्वचाचणीच्या यंत्रानंच शिकवली होती. मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी पडद्यावर तो तक्ता पुन्हा उघडला आणि त्या म्हणाल्या, "त्या मुलांना बेरीज येत होती. आम्हीच त्यांना चुकवायला लावली."

संयोजकाला दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा मी त्याला पूर्वचाचणी कुठं झाली, हे विचारलंच नाही. शेवटची ओळ राहिलेली बेरीज सेलूत कशी पोहोचली, एवढंच विचारलं आणि त्याच्यासमोर चहा ठेवला. त्यानं चहा पूर्ण प्यायला. कप खाली ठेवला आणि सांगायला लागला.

"मॅडम, तिकडच्या केंद्रावर लाईन गेलती. दोन खेपा वाया गेल्या. इकडून रोज तगादा, पूर्वचाचणी करा, पूर्वचाचणी करा. सेलू रस्त्यात होतं. अन् थे बाई कोणाले नाई म्हणत नाई. म्हटलं, घेऊन टाकू."

"तिला काय सांगितलंस?"

"सराव आहे म्हणून सांगतलं. खरं सांगतलं असतं तं लेकरं घाबरली असती."

"आणि वर दुसऱ्या जिल्ह्याचं नाव कळवलंस."

"हो. मंग इतकं होईन असं काय माहीत."

"तिला अटक झाल्यावर तरी बोलायचं होतंस."

"माह्या घरी बी कमावणारा मी एकटाच हाव, मॅडम."

त्याच्यावर लावण्यासारखं माझ्याकडे फारसं नव्हतं. त्यानं पेपर विकला नव्हता, पैसे घेतले नव्हते, कोणाला फसवून स्वतःचं काही साधलं नव्हतं. खोटी माहिती कळवली, ती स्वतःच्या संस्थेला. संस्थेनं त्याला कामावरून कमी केलं आणि प्रकरण मिटवलं. मी न्यायालयात 'क' वर्गाचा अंतिम अहवाल पाठवला. क वर्ग म्हणजे गुन्हा घडलाच नाही, गैरसमजातून तक्रार झाली. बाई सुटल्या. वरिष्ठ कार्यालयानं त्याचीही माहिती पत्रकारांना दिली. मी काही दिवस वर्तमानपत्रं बघितली. कुठं आलेली दिसली नाही.

राहिला निकाल. मला वाटलं होतं, आता तो सुटेल. मी स्वतः संस्थेला पत्र लिहिलं, मग पुन्हा नागपूरला गेले. प्रश्न बनवणाऱ्या गटाच्या त्याच बाईंनी मला बसवून घेतलं.

"निकाल नाही देता येणार," त्या म्हणाल्या. "त्यांनी प्रश्न आधी बघितले होते. त्यांचा दोष नाही, मान्य. पण या गुणांवरून त्यांना काम येतं की पाठ आहे, हे मी सांगू शकत नाही. प्रमाणपत्रावर सही करायची म्हणजे तेवढं तरी माहीत पाहिजे."

"तुम्हीच म्हणालात, त्यांना येत होतं."

"बेरीज येत होती. बाकीचं मला माहीत नाही. फेरपरीक्षा घेऊ."

मी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर माणसाशी वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं. नवीन प्रश्न बनवायचे, ते पुन्हा कुठंतरी करून बघायचे, मग परीक्षा. या वेळी त्यांनी घाई केली नाही, आणि करायलाही नको होती. फेरपरीक्षा झाली तोवर मुदत उलटून गेली होती. मुदत वाढवून देण्यासाठी मी संबंधित कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी मला चहा दिला आणि नियम दाखवला. नियमात अशा प्रसंगाची सोय नव्हती.

फेरपरीक्षेत रोहण्याची ती मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. प्रमाणपत्र घेऊन दवाखान्यात गेली तेव्हा तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती. तिनंच मला फोन करून सांगितलं. तक्रार म्हणून नाही. म्हणाली, "बाई, तुमी म्हटलं होतं ना सर्टिफिकेट मिळन म्हणून. मिळालं." मी असं काही म्हटलेलं नव्हतं, पण ते तिला सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर मी बोरगाव मेघेला राहायला आले. शेजारच्या मुलीला संगणक शिकायचा होता, म्हणून मी चौकशी केली आणि मला कळलं की त्या क्लासच्या बाई इथंच जवळ राहायला आल्या आहेत. गेले. दार त्यांनीच उघडलं. हाताला पीठ लागलेलं होतं. मला ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं.

"कंप्युटर नाई शिकवत आता," त्या म्हणाल्या. "डबे देतो. इथं हॉस्टेलची लेकरं लय हायेत."

"क्लासची मान्यता परत मिळाली नाही?"

"मागतली होती. ऑफिसवाले म्हणे, गुन्हा दाखल झाला होता का? म्हटलं, हो. म्हणे, मंग नाई."

"पण अहवाल आहे ना. गुन्हा घडला नाही असं मी लिहून दिलंय."

"हाव, तुमी लिहून देल्लं. त्यायच्या फारमात तसं इचारलंच नाई, मॅडम. दाखल झाला होता का, एवढंच इचारते." त्यांनी हात धुतले. "क्लास चालूच ठेवला होता मी काही दिवस. पोरी येत, पण मायबाप जिन्यात उभे राहत. सेलूत मले पेपरवाली म्हणते अजून. रागानं नाई म्हणत. ओळखीसाठी म्हणते. कोन्या बाई, तं थे पेपरवाली."

मी मुलांबद्दल विचारलं. काही नागपूरला गेली, काही घरी बसली. रोहण्याची मुलगी अधूनमधून येते, म्हणाल्या. डबे भरू लागते, काही बोलत नाही. "तिनं मले शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. म्या सांगतलं म्हणून तिनं आखरी ओळ सोडली. तिले तं येत होतं."

डबे न्यायला मुलं आली, तशी मी उठले.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं मला कोणी विचारलं तर उत्तर फार मोठं नाही. आमचं सगळं काम एका प्रश्नावर चालतं, कोणी केलं. पंचनामा, जबाब, कोठडी, सगळं त्याच प्रश्नासाठी आहे. सेलूत कोणीही फार वाईट काही केलं नव्हतं. एकानं रस्त्यातलं केंद्र धरलं, एकीनं यंत्राचं ऐकलं, एकीनं नियमानं सही नाकारली, एकानं नियमानं मुदत नाकारली. मी नियमानं अटक केली. यातल्या प्रत्येकाला पुन्हा तिथं उभं केलं, तर बहुतेक जण पुन्हा तेच करतील. मीसुद्धा.

एक गोष्ट मात्र त्यानंतर बदलली. तपासात निर्दोष निघालेल्या माणसाला पूर्वी मी ठाण्याच्या दारापर्यंत सोडायची आणि म्हणायची, जा, सुटलात तुम्ही. नोकरी संपेपर्यंत ते वाक्य पुन्हा तोंडातून काढलं नाही. तुमच्यावरचा आरोप टिकला नाही, एवढंच सांगायची आणि परत खुर्चीवर येऊन बसायची.